पडद्यावर येईल तेवढेच : संकेतपृष्ठांचे 'लेझी लोडिंग'

ऑक्टोबर २००७ मध्ये बेंगळुरूच्या कोरमंगला या वसाहतीतील एका सदनिकेत सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन अभियंत्यांनी फ्लिपकार्ट हे पुस्तकविक्रीचे संकेतस्थळ सुरू केले. पुढील काही वर्षांत ते देशातील प्रमुख इंटरनेट बाजारपेठांपैकी एक बनले आणि त्याचा कारभार कोरमंगल्यातील मोठ्या कार्यालयांतून चालू लागला. २०१५ च्या पूर्वार्धात या कंपनीने भ्रमणध्वनीवरील आपले संकेतस्थळ बंद करून ग्राहकांनी केवळ ॲप वापरावे असा आग्रह धरला. तिच्याच मालकीच्या मिंत्रा या कपडेविक्रीच्या कंपनीने मे २०१५ मध्ये संगणकावरील संकेतस्थळही बंद केले.

हा निर्णय फार काळ टिकला नाही. ॲप उतरवून घेण्यासाठी डेटा खर्ची पडतो आणि ते ठेवण्यासाठी फोनमध्ये जागा लागते. स्वस्त फोन आणि टूजी जोडणी असलेल्या ग्राहकाजवळ या दोन्ही गोष्टींची वानवा होती. शेवटी नोव्हेंबर २०१५ मध्ये 'फ्लिपकार्ट लाइट' या नावाने भ्रमणध्वनीवरील संकेतस्थळ नव्या रचनेत पुन्हा सुरू झाले. गूगलने या प्रयोगाविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार लाइटच्या वापरकर्त्यांपैकी ६३ टक्के टूजी जोडणीवरून येत होते. म्हणजे दार बंद झाले होते ते नेमके याच लोकांवर. मिंत्राचे संकेतस्थळही २०१६ मध्ये परत आले.

संथ जोडणीवरही पान लवकर वापरण्याजोगे कसे होईल, या प्रश्नाला संगणकशास्त्राने जी उत्तरे शोधली त्यांत एक तत्त्व वारंवार आढळते. जे आत्ता लागणार नाही, ते आत्ता आणू नये. संकेतपृष्ठांच्या बाबतीत या तत्त्वाचा जो अवलंब होतो त्याला 'लेझी लोडिंग' म्हणतात. शब्दशः पाहता 'आळशी' असे विशेषण या तंत्राला लागले असले, तरी त्यात आळसापेक्षा काटकसरीचा भाग अधिक आहे. पानातील जो भाग वाचकाच्या पडद्यावर येईल किंवा येण्याच्या बेतात असेल, तेवढाच सर्व्हरकडून मागवायचा आणि उरलेला वाचक तेथपर्यंत पोहोचेल तेव्हा मागवायचा, एवढाच त्याचा अर्थ.

पान उघडते म्हणजे काय होते?

वाचकाने पत्ता टंकित केला की ब्राउझर प्रथम सर्व्हरकडून पानाची मूळ संहिता मागवतो. ही संहिता म्हणजे मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या खुणा. चित्रे तीत नसतात. कोणते चित्र कोठून आणायचे याचा केवळ पत्ता तेथे असतो. ब्राउझर संहिता वाचत जातो आणि चित्राचा पत्ता दिसला की त्याची मागणी नोंदवतो. चित्र पानाच्या माथ्यावर आहे की तळाशी, वाचक तेथवर जाणार आहे की नाही, याचा विचार मूळ पद्धतीत नाही. परिणामी दोन ओळी वाचून पान बंद करणारा वाचकही पानातील सर्व चित्रांचे मूल्य मोजतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वस्तूंच्या यादीच्या एका पानावर ४० छायाचित्रे आहेत आणि प्रत्येक ४० किलोबाइटचे आहे. एकूण भार १,६०० किलोबाइट झाला. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून हा भार १२,८०० किलोबिट होतो. जोडणीचा वेग नेहमी बिटमध्ये सांगितला जातो आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. परीक्षेत आणि दूरध्वनी कंपन्यांच्या जाहिरातीत या दोहोंची गल्लत हमखास होते. टूजी जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला १०० किलोबिट वेग मिळतो असे धरले, तर ही सर्व छायाचित्रे उतरण्यास १२८ सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक काळ लागेल. परंतु फोनच्या पडद्यावर एका वेळी चारच छायाचित्रे मावतात. तेवढीच आणली तर भार १६० किलोबाइट आणि वेळ सुमारे १३ सेकंद. १३ सेकंदही कमी नव्हेत. पण दोन मिनिटे वाट पाहणारा ग्राहक दुकानातून निघून गेलेला असतो.

हेच गणित शासकीय व्याख्यांना लावून पाहणे उद्बोधक आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिटवर आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेण्यात आली. वरील १२,८०० किलोबिटांचा भार पहिल्या व्याख्येतील किमान वेगाने ५० सेकंदांत, दुसऱ्या व्याख्येनुसार २५ सेकंदांत आणि तिसऱ्या व्याख्येनुसार साडेसहा सेकंदांच्या आत उतरेल.

कल्पना जुनी, उपयोग नवा

गरज पडेल तेव्हाच आणण्याची कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात घडवलेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'ॲटलस' संगणकात मुख्य स्मृती अपुरी होती. म्हणून आज्ञावलीचे ठरावीक आकाराचे तुकडे करून ते संथ पण मोठ्या साठ्यात ठेवत आणि ज्या तुकड्याची गरज पडे तोच मुख्य स्मृतीत आणत. या तुकड्यांनाही 'पेज' हेच नाव होते. 'डिमांड पेजिंग' या नावाने ही पद्धत आजही कार्यप्रणालीच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. कोणतीही आज्ञावली थोड्या कालावधीत आपल्या एकूण पसाऱ्यापैकी थोडाच भाग वापरते, या निरीक्षणावर ती आधारलेली आहे. वाचकाचेही तसेच असते.

इंटरनेटच्या प्रारंभीच्या काळात ही निवड वाचकावर सोपवलेली होती. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या त्या जोडणीवर ब्राउझरमधील 'चित्रे आपोआप दाखवा' हा पर्याय बंद ठेवून केवळ मजकूर वाचण्याची सोय होती. तो उपाय बोजड होता. सर्व चित्रे किंवा एकही नाही. कोणते चित्र केव्हा आणायचे हे पानानेच ठरवावे, यासाठीच्या तयार आज्ञावल्या २००७ च्या सुमारास प्रचारात आल्या.

यंत्रणा

या सुरुवातीच्या आज्ञावल्या एक युक्ती करीत. चित्राचा खरा पत्ता नेहमीच्या जागी न ठेवता बाजूला लपवून ठेवायचा, म्हणजे ब्राउझरला तो दिसत नाही. वाचक पान खाली सरकवू लागला की प्रत्येक हालचालीला चित्राचे स्थान मोजायचे आणि ते पडद्याच्या कक्षेत आल्यास पत्ता योग्य जागी आणून ठेवायचा. युक्ती चालत असे, पण महाग पडे. बोट एकदा फिरवले की सरकण्याच्या डझनावारी सूचना निर्माण होतात आणि प्रत्येक वेळी सर्व चित्रांची स्थाने मोजत बसावे लागते. डेटा वाचवण्याच्या नादात स्वस्त फोनचा प्रक्रियक दमत असे आणि पान अडखळत सरके.

२०१६ मध्ये क्रोम ब्राउझरमध्ये 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' ही सोय आली. तिच्यामुळे ही मोजणी पानाच्या आज्ञावलीकडून ब्राउझरकडे गेली. 'हा भाग पडद्याच्या कक्षेत शिरला की कळव' असे एकदा सांगून ठेवले की पानाला पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही. दारात उभे राहून टपालाची वाट पाहण्याऐवजी पोस्टमनने घंटा वाजवावी, तसा हा बदल आहे. त्यापुढील पायरी २०१९ ची. त्या वर्षी क्रोमच्या ७६ व्या आवृत्तीने चित्राच्या खुणेत 'लोडिंग' हा गुणधर्म ओळखण्यास सुरुवात केली. त्याचे मूल्य 'लेझी' असे लिहिले की आज्ञावलीची एकही ओळ न लिहिता काम होते. फायरफॉक्सने २०२० मध्ये आणि ॲपलच्या सफारीने २०२२ मध्ये हा गुणधर्म स्वीकारला.

येथे एक बारकावा आहे. चित्र पडद्यावर आल्यानंतर मागवले, तर वाचकाला रिकामी चौकट पाहत थांबावे लागेल. म्हणून ब्राउझर थोडे आधीच मागणी नोंदवतो. किती आधी, हे जोडणीच्या वेगावर अवलंबून असते. क्रोमने २०२० मध्ये निश्चित केलेले अंतर फोरजी जोडणीसाठी १,२५० पिक्सेल आणि थ्रीजी व त्याहून संथ जोडणीसाठी २,५०० पिक्सेल असे होते. जोडणी संथ असेल तर अंतर अधिक, कारण चित्र पोहोचण्यास वेळ लागतो आणि तयारी लवकर करावी लागते. ज्याला डेटाची काटकसर सर्वाधिक हवी, त्याच्यासाठीच ब्राउझर अधिक आगाऊ चित्रे आणतो, असा हा पेच आहे. वेळ वाचवायची की डेटा, याचे दोन्ही बाजूंना न्याय देणारे उत्तर कोणत्याच आकड्यात नाही.

कोरमंगल्याचा प्रयोग

फ्लिपकार्ट लाइटची रचना याच विचाराची, पण अधिक व्यापक होती. पानाचा न बदलणारा सांगाडा, म्हणजे माथ्यावरची पट्टी, शोधाची चौकट आणि बटणे, फोनमध्ये साठवून ठेवायचा. पुढच्या वेळी हा सांगाडा जोडणीची वाट न पाहता लगेच दिसतो आणि त्यात भरावयाचा आशय तेवढा सर्व्हरकडून येतो. आज्ञावलीचेही तुकडे करायचे आणि वाचक ज्या पानावर आहे त्या पानाला लागणारा तुकडाच आणायचा. यासाठी लागणारी 'सर्व्हिस वर्कर' ही सोय ब्राउझरमध्ये तेव्हा नवीनच होती.

गूगलच्या अभ्यासानुसार आधीच्या भ्रमणध्वनी संकेतस्थळावर ग्राहक सरासरी ७० सेकंद थांबत असे, तो लाइटवर साडेतीन मिनिटे थांबू लागला. डेटाचा वापर एक-तृतीयांशावर आला. हे आकडे उद्धृत करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक तर हा अभ्यास संबंधित तंत्रज्ञानाचा पुरस्कार करणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेला आहे. दुसरे म्हणजे, हे श्रेय एकट्या लेझी लोडिंगचे नाही. साठवण, सांगाडा आणि तुकड्या-तुकड्यांनी आणणे या सर्वांचा तो एकत्रित परिणाम आहे. २०१८ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यालय कोरमंगल्यातून बाह्यवळण मार्गावरील संकुलात हलले, तोवर हे तंत्र जगभर नित्याचे होऊ लागले होते.

काय थांबवावे आणि काय नाही

तंत्र सोपे झाले की त्याचा अतिरेक होतो. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस या लोकप्रिय प्रणालीच्या ५.५ आवृत्तीने पानातील चित्रांना 'लेझी' हे मूल्य आपोआप जोडण्यास सुरुवात केली. त्यात पानाच्या माथ्यावरचे मोठे चित्रही आले. ते तर वाचकाला सर्वप्रथम दिसणारे. त्याची मागणी लांबणीवर पडल्याने पान उलट अधिक संथ भासू लागले. कारण असे की साध्या चित्राची मागणी ब्राउझर संहिता वाचतानाच नोंदवतो, पण 'लेझी' चित्र पडद्याच्या कक्षेत आहे की नाही हे कळण्यासाठी त्याला आधी पानाची मांडणी करावी लागते. जानेवारी २०२२ मधील ५.९ आवृत्तीत पहिले चित्र या नियमातून वगळले गेले.

दुसरी चूक जागेची. चित्राची लांबी-रुंदी आधी सांगितली नाही, तर ब्राउझर त्यासाठी जागा राखत नाही. चित्र येते तेव्हा खालचा मजकूर एकदम ढकलला जातो. वाचक 'रद्द' दाबायला जातो आणि बोट 'मान्य'वर पडते. गूगलने मे २०२० मध्ये पानाच्या गुणवत्तेचे जे तीन निकष जाहीर केले त्यांत या हेलकाव्याचे मोजमाप समाविष्ट आहे. मुख्य आशय अडीच सेकंदांत दिसावा, हाही त्यांपैकीच एक निकष.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. लेझी लोडिंगमध्ये पान 'पूर्ण उतरले' असे कधी होतच नाही. गावातून निघताना लेख उघडून ठेवावा आणि घाटात जोडणी तुटल्यावर एसटीत बसून तो वाचावा, ही सवय अनेक विद्यार्थ्यांची असते. मजकूर दिसतो, पण नकाशा आणि आलेखाच्या जागी रिकाम्या चौकटी असतात. मजकूरसुद्धा तुकड्यांनी येत असेल, तर लेख अर्ध्यावर तुटतो आणि पानातील शब्द शोधण्याची सोयही न उतरलेल्या भागात चालत नाही. गूगलचा शोधयंत्रमानव माणसाप्रमाणे पान सरकवीत नाही. सरकवल्यावरच येणारा मजकूर त्याच्या नोंदीत न येण्याचा धोका राहतो. पदभरतीची सूचना अशा रीतीने मांडली, तर ती प्रसिद्ध होऊनही सापडणार नाही.

'अंतहीन सरकणे' हा याच तंत्राचा भाऊबंद. एक भाग संपत आला की पुढचा आपोआप जोडला जातो. २००६ मध्ये ही रचना घडवणारे अमेरिकी रचनाकार अझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, कारण वाचकाला थांबण्याची जागाच उरत नाही. भारतीय संदर्भात आणखी एक अडचण आहे. पानाच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो आणि तळ कधी येतच नाही.

देवनागरीचा हिशेब

मराठी वाचकाच्या दृष्टीने भार कशाचा आहे, हे नेमके पाहिले पाहिजे. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ संकेतनात रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'महाराष्ट्र' हा शब्द म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा १० चिन्हांनी साठवला जातो, म्हणजे ३० बाइट. रोमन लिपीत त्याच नावाला ११ बाइट पुरतात. यावरून मराठी पाने जड असतात असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात हजार शब्दांचा मराठी लेख सुमारे २० किलोबाइटचा असतो आणि पाठवताना संक्षेपित केल्यावर आणखी लहान होतो. आपल्या उदाहरणातील एकच छायाचित्र ४० किलोबाइटचे होते. म्हणून मजकूर लांबणीवर टाकून वाचणारे काही नाही, गमावण्यासारखे मात्र बरेच आहे. मजकूर एकदम आणावा आणि पडद्याबाहेरची चित्रे थांबवावीत, हा नियम मराठी पानालाही तसाच लागू पडतो.

खरा भार फाँटचा आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये शेकडो आकृत्या लागतात आणि त्याची फाइल रोमन फाँटच्या तुलनेत पुष्कळ मोठी होते. येथेही तेच तत्त्व उपयोगी पडते. फाँटचे लिपीनिहाय भाग करून कोणता भाग युनिकोडच्या कोणत्या कक्षेसाठी आहे हे जाहीर करता येते. देवनागरीच्या मुख्य कक्षेत १२८ संकेतस्थाने आहेत. पानावर त्या कक्षेतील एखादे चिन्ह आढळले तरच ब्राउझर देवनागरी भाग मागवतो. तो येईपर्यंत फोनमधील उपलब्ध फाँटमध्ये मजकूर दाखवावा, अशी सूचनाही देता येते. ती दिली नाही, तर मजकूर उतरूनही काही काळ अदृश्य राहतो.

शासकीय संकेतस्थळांसमोरील प्रश्न

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि टूजीवरील वाचकांचे प्रमाण घटले. मग ही काटकसर आता कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर असे की जोडणीबरोबर पानेही फुगली. एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या नोंदींनुसार भ्रमणध्वनीवरील पानाचा मध्यांक भार २०२४ मध्ये २ मेगाबाइटच्या पुढे गेला होता, आणि चित्रांचा वाटा त्यात मोठा असतो. शिवाय जोडणीचा वेग ठिकाणागणिक बदलतो. जिल्ह्याच्या ठिकाणी वेगाने उघडणारे पान डोंगराळ तालुक्यात तसेच उघडेल असे नाही.

सर्व्हरच्या बाजूनेही हिशेब मांडता येतो. वरील उदाहरणात प्रत्येक भेटीमागे १,४४० किलोबाइट वाचतात. एक लाख लोकांनी पहिला पडदा पाहून पान बंद केले, तर १४४ गिगाबाइट वाहतूक टळते. निकालाच्या किंवा प्रवेशपत्राच्या दिवशी ही बचत किती मोलाची ठरेल, हे ज्यांनी असा दिवस संगणकासमोर काढला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुगम्यता हा त्यांचा गाभा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्येही माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान सर्वांना उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. पडदा न पाहता ध्वनीद्वारे पान ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकासाठी 'दृश्यमान' या शब्दाचा अर्थच वेगळा असतो. चित्र थांबवले तरी त्याचे पर्यायी वर्णन मूळ संहितेतच असले पाहिजे आणि नव्याने जोडला गेलेला भाग वाचनप्रणालीला कळला पाहिजे. कळफलकाने पान वापरणाऱ्यासही तळापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

अनेक संकेतस्थळांच्या मुखपृष्ठावर सर्वात जड वस्तू असते ती माथ्यावरची फिरती चित्रपट्टी. तिच्यातील पहिले छायाचित्र नेहमी पहिल्याच पडद्यावर असल्याने त्याच्या बाबतीत लेझी लोडिंग काहीच करू शकत नाही. तेथे छायाचित्राचा आकार कमी करणे, ते वेबपीसारख्या अधिक संक्षेपित स्वरूपात ठेवणे किंवा ते काढून त्या जागी निकालाचा दुवा देणे, एवढेच मार्ग उरतात.